आवक

"बेन, आवकनो पुरावो?"
काचेपलीकडून दवेसाहेब विचारतात
आणि मला खंडेराव मार्केट दिसतं.
आमच्या मराठीत आवक असते गवारीची, मेथीची,
ती वाढली की भाव पडतात.
त्यांची आवक वेगळी.
ती माझ्याकडे येत नव्हती असं नाही,
कागदावर थांबत नव्हती, इतकंच.

एकोणीस वर्षं डबे देते.
युनिव्हर्सिटीच्या होस्टेलात, फतेगंजच्या खोल्यांत,
दाहोदची, धुळ्याची, राजपिपळ्याची मुलं
माझ्या चार पोळ्यांवर इंजिनियर झाली.
पुरावा म्हणाल तर उजव्या हाताचं मनगट आहे.
ते अपलोड होत नाही.

ह्यांचं नाव चालत नाही.
सिबिल नावाचे गुण असतात, पत्रिकेतल्यासारखे,
ते बुडालेल्या झेरॉक्सच्या दुकानाने खाल्ले.
आता शाल्मलीची दहावी, बारावी, अ‍ॅडमिशनचं पत्र
दुसऱ्याच्या दुकानातून, दोन रुपये पान.
हे बाहेर स्कूटरपाशी उभे राहतात.
मशीनचा आवाज नको म्हणतात.

म्हणून सहअर्जदार मी.
आधारवर एका 'जे'ची उज्वला,
पॅनवर दोन 'जे'ची.
नोटरीने तीनशे रुपयांत लिहून दिलं
की ही आणि ती एकच बाई.
बरं वाटलं.
इतकी वर्षं मलाही खात्री नव्हती.

मोरेटोरियम, दवेसाहेब समजावतात,
शिकते आहे तोवर हप्ता नाही,
नंतरही वर्षभर सवड.
शब्द अवजड, पण माल ओळखीचा.
'मावशी, नोकरी लागली की देतो'
ह्याचंच ते बँकेतलं नाव.
हे मीही दिलं आहे, साहेब,
बिनव्याजी,
वर गुरुवारी शिरा.

"अने जामीन? पगारदार जोईए."

मांजलपूरला दिरांनी चहा केला,
लीलो चेवडो काढला,
मग कपाटातून स्वतःच्या फ्लॅटच्या कर्जाची फाइलही काढली.
आम्ही चेवडा खाल्ला.

रात्री डब्यांच्या वह्या उघडल्या.
तेलाचे डाग, टिकमार्क,
'परमार, दोन महिने, येतोच आहे'.
तो अजून येतोच आहे.
'वसावा, पूर्ण', पुढे पेढ्यांचा पुडा आणून गेला होता, ते लिहिलेलं नाही.
आणि निकम, धुळ्याचा, केमिकलवाला,
बाकी दोन हजार तीनशे चाळीस.
ताप आला की वरणभातच मागायचा.
आता दहेजला पक्का लागला आहे, असं कळलं होतं.
नंबर वसावाकडून घेतला.
दोनदा लावला.
दोनदा वाजून वाजून थांबला.
तिसऱ्यांदा मेसेज केला,
'मी उज्वला सुर्वे, डबेवाल्या मावशी. काम आहे.'

पावणेबाराला फोन थरथरला.
दोन हजार तीनशे चाळीस जमा.
खाली त्याची ओळ:
सॉरी मावशी, लाज वाटत होती.

मला सही हवी होती.
शाल्मली हसली,
मग फोन माझ्या हातातून घेऊन
बराच वेळ बघत राहिली.
"आई, हा कसा विसरला नाही गं चाळीस रुपये?"

सतरा तारखेला फी.
आज बारा.
निकमला पुन्हा लावावा, तर तो म्हणेल, दिले ना.
आणि खरंच दिले आहेत.
वहीत त्याच्या नावावर आडवी रेघ मारली,
ती जरा वाकडीच आली.

सकाळी पहिल्यांदा पासबुक भरायला गेले.
मशीनने करकरत एक ओळ छापली,
तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव अर्धंच: निक.
काचेखालून सरकवलं.
दवेसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"आ शुं छे, बेन?"

आवक, म्हटलं.
पहिली.

जामीनदाराचा रकाना अजून कोरा आहे.
त्यांनी त्यावर पेन्सिलने
बारीक फुली करून ठेवली,
सही कुठे करायची ते कळावं म्हणून.